तानापिहिनिपाजा आणि शाळेची मागची भिंत

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या सोमवारी आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्या दोन शिक्षकांच्या मागे चौकशी लागायची. पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. शाळा सुंदर शाळेच्या स्पर्धेत उतरलीय, त्याची बातमी आणि एक फोटो हवा होता. पोहोचलो तेव्हा पेंटर शिडीवर होता. पुढच्या भिंतीवर आगगाडी, तिच्या एकेका डब्यात एकेक अक्षर, शेवटच्या डब्यातून हात हलवणारं कार्टून. 'बोलक्या भिंती' म्हणतात तो प्रकार. रंग झकास, कडा सुबक. असली आगगाडी मी तालुक्यातल्या किमान सात शाळांत बघितली आहे. पेंटरही बहुतेक तोच असतो.

मागे गेलो तर व्हरांड्याच्या भिंतीवर जुनी चित्रं. गेरू, चुना आणि नीळ. बैलगाडी, केळीचा घड, विहीर, पोळ्याचा बैल, आणि एक बाई, तिचे हात पायांपेक्षा लांब. बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्या एका बाईंनी मुलांकडून काढून घेतली होती. खालचा पोपडा सुटलाय, वरचं शाबूत आहे. कडेला खडूने फुली मारलेली होती. म्हणजे उद्या प्रायमर.

तिसरीतली एक मुलगी माझ्या मागेमागे आली होती. म्हणाली, "काका, हा बैल आमच्या आत्याने काढलाय. ती तिसरीत होती तेव्हा."

मुख्याध्यापकांना विचारलं. बिचारे म्हणाले, "साहेब, तपासणीला येणारे भिंत स्वच्छ आणि रंगीत आहे का बघतात. हे जुनं दिसतं." त्यांचंही खोटं नाही.

आता माझं पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेची बातमी मी केली होती, मथळा 'भिंती बोलू लागल्या'. त्यात पेंटरचं नाव होतं, देणगीदाराचा फोटो होता, सरपंचांची प्रतिक्रिया होती. त्या रंगकामात मुलांनी काय केलं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मुलांनी काहीच केलं नव्हतं. ओला रंग लागू नये म्हणून त्यांना चार दिवस झाडाखाली बसवलं होतं.

तर त्या बैलामुळे मी चार रात्री एकाच प्रश्नामागे होतो. आपल्या शाळेत चित्रकला आणि रंग आले कधी, कुणी आणले, आणि आणल्यावर लहान मुलांच्या हातात का नाही दिले?

सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करू. तिथे धूळपाटी असायची. लाकडी फळीवर विटेची बारीक भुकटी किंवा धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हात फिरवला की पाटी कोरी. पुढे दगडी पाटी आली, काळ्यावर पांढरं. पुस्तकं काळी-पांढरी, फळा काळा. मग आपली पोरं रंग कुठे शिकत होती? घरी. आईने सडा घातला की पोरगी रांगोळीची चिमूट धरायला शिकायची. चैत्रात गौरीपुढे चैत्रांगण. आमच्याकडे गुलाबाई. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचा मान घरातल्या पोराचा, आणि तो किती घट्ट कालवायचा हे आजा सांगायचा. रंगाचं शिक्षण होतं, ते शाळेच्या बाहेर होतं. बहुतेक बायकांच्या नि शेतकऱ्यांच्या हातात होतं, म्हणून त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही.

शाळेतली चित्रकला आली ती लंडनहून, व्हाया मुंबई.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं. तिथे हिंदुस्थानातलं कापड, गालिचे, मिन्याचं काम बघून इंग्रज जाणकार चकित झाले. ओवेन जोन्ससारख्या डिझाइनच्या मोठ्या अभ्यासकाने लिहिलं की रंगसंगती शिकायची तर या लोकांकडून. आपल्या कारखान्यांचा माल दिसायला मागे पडतोय, ही चिंता घेऊन इंग्रज सरकारने चित्रकलेच्या शिक्षणाचं एक खातंच उभं केलं. हेन्री कोल त्याचा प्रमुख. रिचर्ड रेडग्रेव्ह या चित्रकाराने त्यासाठी तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम आखला. पहिली पायरी भूमितीच्या रेघा. मग छापील नमुन्याची बाह्यरेषा हुबेहूब उतरवायची. मग छटा. रंगाची पाळी बऱ्याच पायऱ्या चढल्यावर. हेतू स्पष्ट होता, कारखान्याला नेमक्या हाताचा कारागीर हवा होता. मुलाच्या मनात काय आहे हा त्या अभ्यासक्रमाचा विषयच नव्हता.

इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि मार्च १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे वर्ग सुरू झाले. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच आवारात त्यांचा मुलगा रुडयार्ड जन्मला, 'जंगल बुक'वाला. जे.जे.ने कामं मोठी केली. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अनेक हंगाम अजिंठ्याला मुक्काम ठोकून भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती केल्या. अजिंठा आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर. तिथले रंग कशाचे, तर गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्दाचा, बाहेरून आलेला. म्हणजे आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर त्या बाईंनी जे सामान वापरलं, त्यातलं निम्मं अजिंठ्याचंच. (लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या, हे वाचून मात्र वाईट वाटलं.)

शाळांच्या दृष्टीने महत्त्वाच्या तारखा दोन. १८७९ मध्ये चित्रकला हा शिकवण्याचा विषय म्हणून आला आणि १८९३ मध्ये जे.जे.त चित्रकला शिक्षकांचा वर्ग निघाला. तिथून शिकून निघालेले ड्रॉइंग मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. लंडनचा तो क्रमही त्यांच्याबरोबर खाली उतरला. आधी रेघ, मग नक्कल, मग छटा, आणि हात स्थिर झाला तर रंग.

याचंच वंशज म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. शासकीय रेखाकला परीक्षा. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय झालं आणि या परीक्षा त्यांच्याकडे आल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, संकल्पचित्र म्हटलं की वर्तुळात बसवलेली फुलं-पानं आणि एकच आकार उलटसुलट हे डोळ्यासमोर येतं. मी नववीत इंटरमिजिएटला बसलो होतो. वस्तुचित्राला पितळी तांब्या, एक कांदा आणि मागे चुणी पडलेला कपडा. तांब्या जमला. कपड्याला मी तपकिरी रंग दिला, कारण हिरव्याची वडी संपली होती. श्रेणी क. आमचे सर म्हणाले, "अरे, वडी संपली तर शेजारच्याकडची पिवळी नि तुझी निळी कालवायचीस ना!" नववीपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. कालवून रंग होतो हे घरी हळदीत चुना पडून लाल झालेला बघूनही डोक्यात शिरलं नव्हतं. ते रसायन वेगळं आणि हे वेगळं, पण बघायची सवय एकच ना.

या परीक्षांना मी नावं ठेवत नाही. खेड्यातल्या कितीतरी पोरांना याच परीक्षेने जे.जे.चा रस्ता दाखवला. पण ती हायस्कूलची गोष्ट. प्राथमिकच्या पोराच्या वाट्याला काय आलं? त्याच्या वाट्याला आलं तानापिहिनिपाजा.

हा शब्द विसरलेला मराठी माणूस मला दाखवा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्य न बघता इंद्रधनुष्य पाठ. पण यातला 'पारवा' कधी कुणाला सापडला का? आम्ही पारवा म्हणजे कबुतराचा रंग धरून चाललो होतो, राखाडी. मग इंद्रधनुष्यात राखाडी कुठून आला? तिसरीत विचारलं तर कान पिळला गेला होता. उत्तर फार पुढे मिळालं. न्यूटनने लोलकातून प्रकाश फोडला तेव्हा त्याने आधी पाचच रंग मोजले होते. नंतर नारिंगी आणि निळा-जांभळ्यामधला तो एक रंग घातला आणि सात केले, कारण संगीताच्या सप्तकाशी ते जुळावेत असं त्याला वाटत होतं. १७०४ च्या त्याच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात ते सात पक्के झाले. प्रत्यक्षात पट्ट्यात कुठे रेघ नसते, एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. म्हणजे बघा, सतराव्या शतकातल्या एका शास्त्रज्ञाच्या सा रे ग म पायी खानदेशातल्या एका पोराचा कान पिळला गेला.

दुसरं पाठांतर, मूळ रंग तीन, लाल, पिवळा, निळा. हेही मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत बिनशर्त मानलं. मग पत्रकारितेची पदविका करताना छापखान्यात नेलं. रंगीत पानाच्या चार प्लेटा, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. मी मशीनवाल्याला विचारलं, "लाल कुठंय?" तो हसला. "लाल होतो ना भो. मॅजेंटावर यलो चढला की लाल." मूळ रंगच कालवून होतो म्हटल्यावर माझी चौथीची वही हादरली. आणि टीव्हीला भिंगातून पाहिलं तर लाल, हिरवा, निळा ठिपके. तिथे पिवळा नाहीच.

गोष्ट तशी अवघड नाही. पडद्यावर प्रकाश मिळवतो, कागदावर प्रकाश गिळतो. शाई किंवा रंग म्हणजे काही किरण गिळणारी वस्तू. लाल वडी निळे किरण गिळते, निळी वडी लाल किरण गिळते. दोन्ही कालवले की परत पाठवायला फारसं काही उरतच नाही. म्हणून पोरं लाल-निळा कालवतात आणि छान जांभळ्याऐवजी चिखल येतो. मग बाई म्हणतात, नीट कालव. पोराचं कालवणं बरोबरच असतं, वडीच तशी असते. गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा घ्या, सायन घ्या, बघा कसा जांभळा येतो. हे दुसरीच्या पोराला सूत्र न सांगता दाखवता येतं. तीन बाटल्या, पाणी, जुन्या वहीचा कागद. पाठ करण्यासारखं यात काही नाही.

आणि हे करून बघणारे लोक नव्हते असंही नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, पुढे तिलाच किंडरगार्टन म्हणाले. त्याने मुलाच्या हातात दिलेली पहिली वस्तू म्हणजे लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे. अक्षर नंतर, आधी रंग. इटलीत मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. त्यांच्या रंगपट्ट्या प्रसिद्ध आहेत. पहिल्या पेटीत फक्त तीन जोड्या. दुसरीत अकरा. तिसरीत नऊ रंग, प्रत्येकाच्या सात छटा, म्हणजे त्रेसष्ट पट्ट्या, गडदपासून फिकटपर्यंत लावायच्या. नाव उशिरा सांगायचं, आधी डोळ्याला फरक कळू द्यायचा. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा चित्रवर्ग काढला. मूल जे काढतं तीच एक कला आहे, मोठ्यांच्या चित्राची ती बिघडलेली नक्कल नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

हे आपल्याकडे आणलं ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून त्या आल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण मला ताराबाईंचं खरं मोठेपण १९४५ नंतरच्या कामात दिसतं. त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला आल्या, आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरीच्या लाकडी पेट्या आदिवासी पाड्यात कुठून येणार? तर त्यांनी साहित्यच बदललं. बिया, पानं, शंख-शिंपले, खडे, माती. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी. मोठी पोरं गुरं चारायला जातात तर कुरणशाळा. करंजीचं कोवळं पान आणि जून पान शेजारी ठेवलं की हिरव्याच्या किती छटा मिळतात, याला पैसा लागत नाही. आमच्या केळीच्या बागेत तर मधल्या गुंडाळलेल्या पानापासून खालच्या वाळक्यापर्यंत पोपटी ते करडा अशी अख्खी तिसरी पेटी उभी असते.

आणि गंमत बघा. कोसबाडच्या त्या वारली पोरांच्या घरी लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जात होताच. सवाशिणी लिहायच्या. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे ती चित्रं शहरात पोहोचली, जिव्या सोमा मशे जगभर गेले, २०११ मध्ये पद्मश्री झाले. आज वारली चित्र बँकेच्या भिंतीवर आहे, मोबाइलच्या कव्हरवर आहे, आणि शाळेच्या बोलक्या भिंतींवरही आहे, स्टेन्सिलने मारलेलं. दोन त्रिकोण जोडले की झाला माणूस.

आता आमच्या जिल्ह्याचा धागा. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. पण त्या अधिवेशनाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची होती, हे मला स्वतःला पत्रकार झाल्यावर दहा वर्षांनी कळलं. गांधीजींची अट होती, जे खेड्यात मिळतं त्यातूनच करा. बांबू, चटया, मातीची भांडी. पुढे १९३८ मध्ये हरिपुऱ्याला त्याच नंदलालबाबूंनी मातीच्या रंगात खेड्यातली रोजची माणसं रंगवली. कापूस पिंजणारा, ढोल वाजवणारा, स्वयंपाक करणारी बाई. मंडपाच्या बाहेर लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत म्हणून. फैजपूरला अधिवेशनाची आठवण आजही काढतात, पण त्या बांबूच्या कामाबद्दल आमच्या कुठल्याही शाळेत कुणी एक तास घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोन अधिवेशनांच्या मधे, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. सूतकताईबद्दल सगळे बोलतात. पण त्या अभ्यासक्रमात चित्रकलाही होती, आणि तिच्या हेतूंत डोळ्याला आकार व रंगांमधला फरक ओळखायला शिकवणं हे होतं. १९४४ मध्ये नंदलालबाबूंचे विद्यार्थी देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. स्वतः कुंभारकाम करणारा माणूस. मुलांच्या चित्रांवर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, कला हाच शिक्षणाचा पाया हे त्याचं सूत्र. म्हणजे वर्ध्यात एका पिढीच्या लहान मुलांना कलाशिक्षक होता. स्वातंत्र्याच्या आधी. आपल्याच राज्यात.

मग ते पसरलं का नाही? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नई तालीम सरकारी झाली आणि तिचा कार्यानुभव झाला, कार्यानुभवाचा एक तास झाला, आणि त्या तासाला गणित घेतलं जाऊ लागलं. चित्रकलेचं तेच. आणि दुसरीकडे रंग बाजारात आला, पेटीतून.

त्या पेटीचाही इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेत १९०३ मध्ये क्रेयोला कंपनीने आठ मेणखडूंची पेटी काढली, किंमत पाच सेंट. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केली, त्याची पुढे कॅम्लिन झाली आणि तीन पिढ्यांच्या कंपासपेट्या नि रंगपेट्या त्यांच्याच. रंग स्वस्त झाला ही मोठी गोष्ट आहे, त्याला कमी लेखू नये. पण पेटी आली तशी सवयही आली. सोमवारी मी त्या शाळेत मुलांच्या पेट्या उघडून बघितल्या. पांढरा खडू सगळ्यांचा अख्खा, टोकही झिजलेलं नाही. काळा संपलेला. आणि एक फिकट गुलाबीसर खडू, त्याला पोरं 'स्किन कलर' म्हणतात. ज्या पोराने तो मला दाखवला त्याचा स्वतःचा हात उन्हातान्हाने शेंगदाण्याच्या सालीसारखा. अमेरिकेत या खडूला 'फ्लेश' म्हणत, १९६२ मध्ये त्याचं नाव बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे पोरांच्या तोंडी तो अजून कातडीच आहे. तिकडे 'इंडियन रेड' नावाचाही एक खडू होता. १९९९ मध्ये त्याचं नाव बदललं, कारण ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या कातडीवरून आहे असं मुलांना वाटायचं. खरं तर ते नाव हिंदुस्थानातल्या तांबड्या मातीवरून होतं. म्हणजे आपला गेरूच. पेटीत तो आपल्याला कधी त्या नावाने मिळाला नाही, पण भिंतीवर होता.

रंगांची नावं म्हणाल तर आमच्या बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानात जाऊन बसा. अबोली, आमसुली, डाळिंबी, अंजिरी, चिंतामणी, मोरपंखी, गुलबक्षी, वांगी, मोतिया, विटकरी, शेवाळी. प्रत्येक नावामागे बघितलेली वस्तू आहे. बारा खडूंच्या पेटीतल्या पोराला यातली किती येतात, मी विचारलं. तिसरी-चौथी मिळून चार आली. त्यातला 'वांगी' सगळ्यांना आला, कारण शेजारच्याच शेतात होती.

आता कायदा. हे कंटाळवाणं आहे पण मुद्दा इथेच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षक पटावर ठरतात, साठ मुलांपर्यंत दोन. कलाशिक्षकाचा उल्लेख आहे, पण सहावी ते आठवीसाठी, शंभराहून जास्त मुलं असतील तर, आणि तोही अर्धवेळ निदेशक. म्हणजे ज्या वयात पोरगं न घाबरता चित्र काढतं, त्या वयाला कलाशिक्षक मिळावा असं कायदा म्हणतच नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला हा सगळ्या टप्प्यांवर विषय असावा असं आहे. २०२० च्या धोरणात कलेतून इतर विषय शिकवा असं आहे. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक आहे, चांगलं आहे. पण करायचं कुणी? त्या दोन शिक्षकांनी चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि वर तपासणी सांभाळून. मग प्रगतिपुस्तकात 'चित्रात आकर्षक रंग भरतो' ही नोंद पडते. अशा नोंदींची तयार यादीच मिळते, त्यातून उतरवायची. यात मी शिक्षकांना दोष देत नाही. मीही प्रेसनोट जशीच्या तशी छापलेली आहे.

भिंतीचं मात्र आपल्या हातात आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. मंगळवारी परत गेलो. मुख्याध्यापकांना म्हटलं, पुढची भिंत आगगाडीला द्या, मागची ठेवा. खालचा पोपडा निघालाय तेवढा पट्टा चुन्याने सारवून आत्ताच्या मुलांना द्या. गेरू, चुना, नीळ, हळद, सगळं मिळून पाचशेच्या आत बसेल, मी देतो. ते म्हणाले, "समितीने ठराव केला तर मला काही अडचण नाही. तपासणीला ठराव दाखवता येतो." पेंटरही भला माणूस निघाला. म्हणाला, "भाऊ, मलाच विचाराल तर त्यावर हात फिरवायला मला बरं वाटत नव्हतं. तो बैल बघा ना, चालतोय." प्रायमर त्याने थांबवलाय, शनिवारपर्यंत.

त्या मुलीच्या आत्याचा नंबर तिच्या वडिलांकडून मिळाला. सासर चोपड्याकडे, दोन पोरं आहेत. फोनवर आधी तिला वाटलं मी भिंत खराब केल्याची तक्रार करतोय. मग म्हणाली, "अजून आहे का तो? भाऊ, त्याला एक शिंग कमी आहे बघा. पोळ्याच्या दिवशी काढत होतो, तेवढ्यात घंटा झाली."

फोटो मोठा करून बघितला. खरंच एकच शिंग आहे.

समितीची बैठक शनिवारी सकाळी अकराला, शाळेतच. गावातल्यांना कुठली भिंत ते कळलंच असेल. ज्यांचं कुणाचं चित्र तिथे आहे त्यांनी या. आत्या येणार आहे.